चौदावी

चौदा घातल्या होत्या. ट्रेमध्ये तेरा.
पुन्हा मोजल्या, चिमट्यानं,
एकेक बाजूला सारत, पावटे निवडावेत तशा.
तेरा.

जहाजाचा सहावा मजला, बिनखिडकीची माझी खोली,
शेजारी केस सरळ करणाऱ्या मुली,
दारावर दरपत्रक, आणि महिन्याचं टार्गेट,
जे कुठल्याच नाडीत सापडत नाही.
इंजिनाची थरथर थांबली की कळतं, बंदर आलं.
आज मुरगाव.
म्हणजे माझंच गाव,
आणि मी गुडघ्यांवर बसून गालिचा चाचपत.

फ्रेनीबाई दुबाश, वय अठ्ठ्याहत्तर.
तक्रार : झोप नाही. कधीपासून, या रकान्यात
‘केकी गेला तेव्हापासून’.
मनगटांपासून तीन बोटांवर, घोट्यांच्या आत, पोटऱ्यांवर,
आणि टाळूवर एक, जिथं
तान्ह्या पोराला तेल जिरवतात तिथं.
तीच राहिली असणार, पांढऱ्या दाट केसांत,
आणि बाई डोक्याला रुमाल बांधून
साडेनऊच्या बसनं जुन्या गोव्याच्या इगर्जी बघायला गेल्या.

गाइडला फोन लावला. म्हणाला, मजेत आहेत,
दोनपर्यंत आणतो.
“डोक्याला हात लावू देऊ नका.”
“का?”
“असंच.”

मॅनेजरनं पास दिला. बस आली की सुई काढायची,
बिनबोभाट, आणि वर यायचं.
गेटपासून आमचं खारीवाड्यातलं घर
रिक्षानं दहा मिनिटं.
पासवर लिहिलेलं : गेटपर्यंत.

बाबांना कळवलं नव्हतं. ते आलेच.
कुठलं जहाज कधी लागणार हे त्यांना अजून पाठ.
सोयरू तांडेल. त्यांची बार्ज
जुवारीच्या चिखलात तिरकी बसून आहे,
डेकवर गवत. ते आता
दुसऱ्याच्या ट्रॉलरची जाळी शिवतात.
डबा डाव्या हातानं पुढं केला.
उजव्याचा अंगठा मिटत नव्हता.

“दाखवा.”
“तुका काम आसा.”
“दोन मेरेन ना.”
“सुयो तोपून दुखप वता?”

हाच प्रश्न जहाजावर लोक इंग्रजीत विचारतात,
तेव्हा मी हसून दरपत्रक पुढं करते.
इथं गेटच्या सावलीत, सिमेंटच्या कट्ट्यावर,
पहाऱ्यावरचा जवान बघून न बघितल्यासारखं करत असताना,
मी पाकीट फाडलं.
अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात
ती गेली तेव्हा बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

“मुयो भोंवतात कशी.”

एवढंच तर हवं असतं. मुंग्या.
कोलंबोचे माझे डॉक्टर म्हणायचे,
नांगर तळाला लागला की दोर ताठतो,
तसं बोटांना कळतं.
मला आठ वर्षांत चार-पाचदा कळलं असेल,
बाकीच्या वेळी कळल्यासारखं केलं.
आज कळलं.

मग वीस मिनिटं कुणी बोललं नाही.
त्यांनी मोकळ्या हातानं खिशातून काढून दाखवली
जाळं विणायची सुई, बांबूची, स्वतः तासलेली,
घामानं काळी पडलेली.
“तुजी ही? धुवून दवरता?”
“फेकतां.”
ते त्यांना पटलं नाही.

बस अडीचला आली.
फ्रेनीबाई काजूचा पुडा सांभाळत उतरल्या.
रुमाल सोडताना म्हणाल्या,
“दीकरी, बसमध्ये झोपले मी. जाताना, येतानापण.
चर्च काय बघितलंच नाही.
राहू दे ना ती.”

राहू देता येत नाही. काढली.

वर येऊन नोंदवहीत लिहिलं : चौदा.
आणखी एक होती, नळीत, माझ्या खिशात.
तिच्यासाठी रकाना नव्हता.

पाचला दोर सुटले असावेत.
थरथर सुरू झाली. मी डबा उघडला,
उकडा भात, सुंगटांची किसमूर.
भिंतीपलीकडून मुली ओरडल्या,
कसला गं हा वास!